माझे दोन कान आणि स्कार्व्हनेसची धावपट्टी

स्कार्व्हनेस,
ऑक्टोबर संपत आला, वारा ईशान्येचा

प्रिय आस्लाउगताई,

धाकट्या बहिणीचा तुला सप्रेम नमस्कार, आणि तोरलाइफ भावजींनाही (ते आत्ता तुझ्या खांद्यावरून डोकावून हे पत्र वाचतायत, हे मला इथून दिसतंय). तुझं नवीन बसवलेलं खुब्याचं हाड आता निमूट वागतंय ना? भावजींच्या पायाच्या अंगठ्याची सूज उतरली का, की अजून ते गुपचूप कोळंबी खातायत? तुमच्याकडे दक्षिणेत झाडांवर सफरचंदं लटकत असतील. इथे कालपासून बर्फ आडवा पडतोय. एनार बरा आहे. जेवतो, घोरतो आणि रेडिओ मोठ्याने लावतो. घोरणं आणि रेडिओ हे मी आठवणीवरून लिहिते आहे, कारण सध्या मला त्यातलं काही ऐकू येत नाही, आणि म्हणूनच हे पत्र. तू गेल्या आठवड्यापासून फोन करते आहेस असं एनार मला हातवाऱ्यांनी सांगतो. (आधी मला वाटलं तो दाढदुखीचं सांगतोय. मी त्याला लवंग दिली. त्याने ती चावली. असा माणूस आहे.)

आता तू म्हणशील, ‘मी सांगितलं नव्हतं?’ सांगितलं होतंस. निघायच्या आदल्या दिवशी तू फोनवर मला सगळं सांगितलं होतंस: सर्दी असेल तर विमानात बसूच नको, बसायचंच असेल तर उतरायच्या अर्धा तास आधी नाकात फवारा मार, विमान खाली येताना झोपू नको, गोळी चघळ, आवंढे गिळ, नाक चिमटीत धरून हळूच गिळ किंवा अगदी हळूच फुंक, आणि काही झालं तरी जोर लावू नको. तू जन्मभर नर्स होतीस, तुझं सगळं बरोबर होतं. म्हणूनच मी त्यातलं एकही केलं नाही. लहानपणापासून तू बरोबरच असतेस, ताई, आणि घरात कोणीतरी त्याला विरोध करायला हवा असतो. ते काम मी आजवर इमानाने केलं आणि पुढेही करणार आहे. मला पश्चात्ताप झालेला नाही, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुला उगाच आशा वाटायला नको.

मी ट्रॉम्सोला का गेले ते तुला अर्धवटच ठाऊक आहे. आपली धावपट्टी बंद करायची असं राजधानीतल्या कोणाच्या तरी मनात आलं. तिथल्या नकाशावर आपल्या गावाला रस्ता दिसतो. नकाशावर बर्फ पडत नाही, त्यामुळे तो रस्ता बाराही महिने उघडा असतो. इथे मात्र तो डिसेंबरात पठारावर चढतो आणि तिथेच झोपतो. तर त्या लोकांनी एक समिती नेमली, आणि समितीने कळवलं की गावाला काही म्हणायचं असेल तर ट्रॉम्सोला येऊन म्हणा. गावाला खूप म्हणायचं होतं. फिश फॅक्टरीच्या जेवणघरात सभा झाली आणि तिथे एवढं काही म्हटलं गेलं की खिडक्यांवर वाफ धरली. पण ट्रॉम्सोला जाऊन कोण म्हणणार असं विचारल्यावर सगळ्यांना एकदम आपापली कॉफी ढवळायची आठवण झाली. शेवटी आपला सरपंच ओडवार उभा राहिला. (तुझ्या वर्गातला ओडवार. हो, तोच, शाळेच्या नाटकात मेंढी झाला होता. अजून तसाच आहे, फक्त लोकर गेली.) तो म्हणाला, मी भाषण तयार करतो, पण सोबत एक साक्षीदार पाहिजे, ज्याच्या घरात त्या धावपट्टीने काही केलंय असा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

कारण तुला माहीत आहे. गेल्या फेब्रुवारीत एनारचं हृदय थांबायच्या बेतात आलं, तेव्हा रस्ता बंद होता, समुद्र उभा होता, आणि दवाखान्याचं विमान आलं ते त्या धावपट्टीवर. एनार वाचला. त्या धावपट्टीवर टीकाच करायची तर एवढीच करता येईल.

निघायच्या सकाळी मला सर्दी होती. साधीसुधी नव्हे, नाक असं बंद झालं होतं की वाटावं समितीने त्याच्यापासूनच सुरुवात केलीय. एनार दारात उभा राहून म्हणाला, “गुन्वोर, तुझं नाक बघ. आस्लाउगने काय सांगितलंय?” मी म्हटलं, “नाकाला विचारून मी आजवर काही केलेलं नाही. लग्नसुद्धा.” आणि निघाले.

आपलं विमान कसं आहे ते तू विसरली असशील. छोटं, पंख्यांचं, आणि बाजाराला निघालेल्या म्हातारीसारखं दारोदार थांबणारं. दक्षिणेतली विमानं एकदा चढतात, एकदा उतरतात, संपलं. आपलं चढतं न चढतं तोच पहिलं गाव येतं, उतरतं. पुन्हा चढतं, पुन्हा उतरतं. ट्रॉम्सोला पोचेपर्यंत कानांना वाटावं, आपल्याला कोणी विहिरीतल्या बादलीसारखं वरखाली करतंय. चढताना काही त्रास झाला नाही. कानात एक बारीकसा ‘पुट’ झाला आणि मी ओडवारला म्हटलं, “आस्लाउग उगाच घाबरवते.” ओडवार भाषणाचे कागद मांडीवर घेऊन ओठ हलवत होता. मग विमानाने नाक खाली केलं. ताई, मी दोन मुलं जन्माला घातली आहेत, माझ्या बोटात एकदा माशाचा गळ आरपार गेला होता, पण हे वेगळंच होतं. कोणीतरी बाहेरून दोन्ही कानांत अंगठे घालून ‘आत आहेस का गं?’ असं विचारत होतं, आणि उत्तर मिळेना म्हणून आणखी दाबत होतं.

मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. पण माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि पलीकडच्या रांगेतल्या एका मासळीच्या व्यापाऱ्याने ते पाहिलं. झालं. आपल्याकडे विमानात माणसं कमी असतात, पण डॉक्टर पुष्कळ. व्यापारी म्हणाला, कापराची गोळी चघळा. मागची बाई म्हणाली, गोळीने काही होत नाही, खालचा जबडा पुढे काढा आणि मग डावीउजवीकडे हलवा, मेंढी चरते तसा. (ओडवारने मान वळवून पाहिलं. त्याला वाटलं नाटकाचा विषय निघाला.) एक तरुण बाई मांडीवरच्या बाळाला दूध पाजत म्हणाली की बाळाला उतरताना पाजलं की त्याचे कान मोकळे होतात. ते खरं असावं, कारण सबंध विमानात तेवढं बाळच हसत होतं. पण तो उपाय माझ्या वयाला कसा लागू करायचा हे तिने सांगितलं नाही. मी सगळ्यांचे आभार मानले आणि काहीही केलं नाही. कान माझे आहेत.

दुसऱ्यांदा चढल्यावर मात्र हवाईसेविका आली. सिल्ये तिचं नाव, गोड मुलगी, बोलताना जरा वाकते. ती म्हणाली, “आज्जी, जांभई द्या. खरी नाही आली तर खोटी द्या. खोटी देता देता खरी येते.” तिला नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून मी तोंड उघडलं. आता जांभई कशी असते तुला ठाऊक आहे. मी दिली, ती व्यापाऱ्याने घेतली, त्याने मागच्या बाईला दिली, ती सिल्येकडे गेली, आणि बघता बघता अख्खं विमान आ वासून बसलं. वैमानिकाचा दरवाजा बंद होता ही देवाची कृपा. सगळ्यांत मोठी जांभई ओडवारची होती. भाषणाच्या काळजीने त्याला दोन रात्री झोप नव्हती, तिचंही उट्टं त्याने त्यात काढलं. तोंड उघडत गेलं, उघडत गेलं, आणि ‘कट्ट’ असा आवाज झाला. तो मीही ऐकला. विमानात मी नीट ऐकलेला तो शेवटचा आवाज.

ओडवारचा जबडा अडकला होता. तो माझ्याकडे वळून “आ… आ…” करू लागला. मी म्हटलं, “अरे, पुरे आता, मिट की.” तेव्हा त्याच्या डोळ्यांतली भीती मला दिसली. सिल्येने धीराने दोन्ही हातांनी त्याचे गाल धरले, ती त्याला काहीतरी सांगत राहिली आणि कशाने कोण जाणे, पण जबडा जागेवर बसला. तिने आपला निळा स्कार्फ त्याच्या हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारली. त्या क्षणापासून आपल्या सरपंचाने तोंड मिटलं ते मिटलंच. पुन्हा अडकेल या भीतीने तो पाणीसुद्धा नळीने प्यायला लागला. भाषणाचे कागद त्याने गुपचूप माझ्या मांडीवर ठेवले.

तेव्हा मला राग आला, ताई. कानांचा नव्हे. मला वाटलं, हे असंच होतं आपलं. गावाने एक मेंढी पाठवली तर तिचाही आवाज जातो. आणि विमान पुन्हा खाली जायला लागलं, पुन्हा ते अंगठे. मी मनात म्हटलं, आता बघतेच. नाक चिमटीत धरलं, तोंड घट्ट मिटलं आणि फुंकलं. तू ‘अगदी हळूच’ म्हणाली होतीस. मी गावाच्या वतीने फुंकलं. नाक दाबल्यावर तोंड उघडतं म्हणतात; माझं तोंड उघडलं नाही, पण बाकी सगळं बंद झालं. उजव्या कानात फाटकन काही झालं, डाव्या कानात त्याहून जास्त, आणि जग लोकरीत गुंडाळल्यासारखं झालं. पंख्यांची घरघर गेली. सिल्येचे ओठ हलत होते. पुढच्या उतारावर कोणीतरी माझ्या दोन्ही कानांवर कागदी पेले ठेवले, आत गरम पाण्यात भिजवून पिळलेले रुमाल. (नीट पिळले नव्हते. पाणी मानेवरून पार पाठीपर्यंत गेलं.) अशा थाटात, म्हणजे मी कानांना पेले लावून आणि सरपंच डोक्याला स्कार्फ बांधून, स्कार्व्हनेसचं शिष्टमंडळ ट्रॉम्सोला उतरलं.

समितीची बैठक एका हॉटेलच्या खोलीत होती. लांब टेबलापलीकडे तिघं. मधे अध्यक्षीण बाई, पांढरे आखूड केस, चष्मा साखळीला. बाई उठून उभ्या राहिल्या, हसल्या, त्यांचे ओठ हलले. मी म्हटलं, “मी गुन्वोर. हा आमचा सरपंच. याला बोलता येत नाही आणि मला ऐकू येत नाही, पण आम्ही आलोय.” हे मी नेहमीच्या आवाजात म्हटलं असं मला वाटलं. पण टेबलावरच्या ग्लासातलं पाणी हललं आणि दोन्ही बाजूंचे पुरुष खुर्चीत मागे रेलले, त्यावरून मी थोडं मोठ्याने बोलत असावे.

ओडवारचं भाषण मी उघडलं. पहिलंच वाक्य होतं, ‘आपल्या बहुमोल वेळातला वेळ आपण आम्हाला दिल्याबद्दल आम्ही आपले अत्यंत ऋणी आहोत.’ मी कागद घडी करून पिशवीत टाकले. ऋणी कशाबद्दल? आमची धावपट्टी काढून घ्यायला बसलेत म्हणून? ओडवारने डोळे मिटून घेतले.

मधे मधे त्यांनी मला प्रश्न विचारले. ते काय होते हे मला नंतर कळलं, ओडवारने जेवताना कागदी रुमालावर लिहून दाखवलं तेव्हा. त्यांनी विचारलं होतं, “हिवाळ्यात विमानात सरासरी किती प्रवासी असतात?” मला वाटलं, फेब्रुवारीत कोण होतं विचारतायत. मी म्हटलं, “एकच. माझा नवरा. आणि तोही आडवा.” त्यांनी विचारलं, “बोटीची सोय अधिक चांगली केली तर?” मी बाईंचे ओठ पाहिले, मला ‘कॉफी’ असा शब्द दिसला, म्हणून म्हटलं, “नंतर, नंतर. आधी हे मिटू दे, मग काय ते आणा.” डावीकडच्या माणसाने हात वर केला. वेळ संपल्याची ती खूण होती म्हणे. मला वाटलं, नमस्कार करतोय. मीही हात वर केला आणि पुढे बोलत राहिले. त्याने छोटी घंटा वाजवली. मला दिसलं की त्याचा हात हलतोय. पण हाताला काही त्रास असेल, आपण कशाला बघा, म्हणून मी नजर वळवली. बहिऱ्या माणसाला गप्प बसवायची सोय सरकारने अजून केलेली नाही, ताई. ती होण्याआधी सगळ्यांनी बोलून घ्यावं.

मी त्यांना एनारचं सांगितलं. तुलाही मी हे असं कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं की तो स्वयंपाकघरात जमिनीवर पडला होता आणि पठारावर बर्फ सारणारी गाडीसुद्धा अडकून पडली होती. फोनवरचा डॉक्टर म्हणाला, विमान निघालंय, तुम्ही फक्त त्याच्याजवळ रहा. मी त्याच्या छातीवर कान ठेवून पडून राहिले. बाहेर वारा एवढा होता की आत काही ऐकू येईना. मी दुसरा कान हाताने दाबून धरला. ठोका ऐकू यायचा, मग यायचा नाही, मग यायचा. तो येईना तेव्हा मी त्याला शिव्या घालायची, आणि तो परत यायचा, शिव्या खायची सवय असल्यासारखा. मग वाऱ्याच्या पलीकडून पंख्यांचा आवाज आला. मी त्यांना म्हटलं, “तुमच्याकडे आकडे असतील. माझ्याकडे तो आवाज आहे. विमान वर गिरकी घेत होतं आणि मी याच्या छातीशी तोंड नेऊन सांगत होते, आलं बघ, आलं, उतरतंय. तुम्ही ती पट्टी बंद करा. पण मग पुढच्या फेब्रुवारीत आमच्या गावात येऊन बसा, आणि कोणाच्या तरी छातीला कान लावून असलं काहीतरी खोटं सांगा. मला नाही सांगता येणार. मला खोटी जांभईसुद्धा देता येत नाही.”

मी थांबले, कारण घसा संपला. मागे वळून पाहिलं तर दारात हॉटेलचे लोक जमले होते, स्वयंपाकीसुद्धा पळी घेऊन. मी किती मोठ्याने बोलत होते ते तेव्हा कळलं. अध्यक्षीण बाईंनी चष्मा काढून साखळीवर सोडला होता आणि त्या खिडकीकडे पाहत होत्या. मग त्या टेबलाला वळसा घालून आल्या, माझा हात हातात घेतला आणि ओठ असे हलवले की मलाही वाचता यावेत: “तो कसा आहे आता?” मी म्हटलं, “घोरतो.” त्या हसल्या. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मी सांगणार नाही, सरकारी माणसाची अब्रू असते.

दुसऱ्या दिवशी ओडवारने मला ओढत कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणजे पोरगेलासा, पण हात हलका. त्याने दिवा घालून आत पाहिलं, मग मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं: पडदे फाटलेले नाहीत, लाल झालेत, मागे पाणी साचलंय, हळूहळू ओसरेल. आणि खाली दोन रेघा मारून: सर्दी पूर्ण जाईपर्यंत विमानात पाय ठेवायचा नाही. मी म्हटलं, “असं कसं? मी विमानतळ वाचवायला आलेय, मी विमानानेच जाणार.” त्याने तिसरी रेघ मारली. मी ठाम राहिले. मग त्याने कागद उलटा करून लिहिलं, ‘नवऱ्याचं घोरणं पुन्हा कधी ऐकायचंय की नाही?’ मी बराच वेळ विचार केला (हे तू त्याला सांगू नकोस) आणि बोटीचं तिकीट काढलं.

आता पुढचं मला एनारने लिहून दाखवलं, त्यामुळे शुद्धलेखन सोडून बाकी खरं मान. माझं भाषण कसं झालं ते गावाला हॉटेलच्या स्वयंपाक्याकडून आधीच कळलं होतं, त्याची मावशी आपल्या गावची. त्यामुळे सगळं गाव धावपट्टीवर हजर: शाळेचं बँडपथक, झेंडे, वाफेलचा घमघमाट, एनार लग्नातल्या कोटात. विमान उतरलं. दार उघडलं. आतून एकटा ओडवार बाहेर आला, डोक्याला अजून स्कार्फ, तोंड घट्ट मिटलेलं. बँड थांबला. एनार पुढे झाला, म्हणाला, “गुन्वोर कुठाय?” ओडवारने, तोंड उघडायचं नव्हतं म्हणून, आधी स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं, मग जड चेहऱ्याने मान हलवली, आणि मग हात लांब करून समुद्राकडे दाखवलं. दुकानवाली बेर्गलिओत रडायला लागली. कोणीतरी झेंडा अर्ध्यावर उतरवला. एनार सामानाच्या गाडीवर बसला आणि बसूनच राहिला. शेवटी बँडच्या बाईने ओडवारच्या हातात खडू दिला आणि त्याने विमानाच्या शेडच्या दारावर लिहिलं, ‘बोटीने येतेय.’ मग सगळे हसले, सगळ्यांनी वाफेल खाल्ले. एनारने खाल्ला नाही. माझ्या माणसाने वाफेल सोडला हे मी या जन्मात दुसऱ्यांदा ऐकलं. पहिल्यांदा तो बेशुद्ध होता.

मी धक्क्यावर उतरले तेव्हा तो कोटातच उभा होता. काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही, मी ‘काय?’ म्हटलं, तो पुन्हा बोलला, मी पुन्हा ‘काय?’ म्हटलं. तिसऱ्यांदा त्याने हात झटकले आणि माझी बॅग उचलली. तो काय म्हणाला ते अजून सांगत नाही.

जिल्ह्याच्या पेपरवाल्यांनी तिथेच माझा फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी वर छापलं, ‘विमानतळाची कैवारी बोटीने परतली’. लोक हसतायत म्हणे. हसू देत, मला ऐकू येत नाही. त्या बातमीदाराला मी सांगितलं, आगीचा बंब वाचवायला निघालेल्या माणसाने आधी स्वतःचं घर पेटवून घ्यायचं असतं का? हे मात्र त्याने छापलं नाही.

काल समितीचं उत्तर आलं. धावपट्टी राहतेय. आधी दोन हिवाळे, मग पुन्हा बघू म्हणाले. ओडवारने ते गावाला वाचून दाखवायला तोंड उघडलं, अगदी फटीएवढं, पण उघडलं.

असं सगळं झालं. तुझा एकही सल्ला न मानता झालं. मी जर फवारा मारून, गोळी चघळून, नाक धरून हळूच गिळून शहाण्यासारखी गेले असते, तर मला सगळं नीट ऐकू आलं असतं, आणि पहिल्या घंटेला मी ‘आभारी आहे’ म्हणून खाली बसले असते. याचा तू आणि भावजींनी शांतपणे विचार करा. अंगठा जपा, खुबा जपा.

तुझी न ऐकणारी (दोन्ही अर्थांनी),
गुन्वोर

ता.क. फोन करू नको. उजवा कान आज सकाळी गरम सूप गिळताना थोडा उघडला, पण तो मी उशीवर दाबून झोपते, आणि का ते तू समजून घे.

ता.क. २. वर लिहायचं राहिलं की समितीने एक अट घातली आहे. विमानात माणसं वाढली पाहिजेत. नुसती आडवी नव्हे, बसलेलीसुद्धा. गावात प्रत्येकाने आपापल्या नातेवाइकांना लिहायचं ठरलंय. तर तू येणार आहेस. भावजींनाही आण, त्यांच्या त्या स्टावांगेरच्या भावालाही आण, तो जाड आहे, तो दोन जागांची तिकिटं काढेल. आईला पुरलं त्यानंतर तू आलेली नाहीस. दर उन्हाळ्यात पत्र येतं की कानांना सोसत नाही, कानांना सोसत नाही. मी कधी काही म्हटलं नाही. आता म्हणते.

ता.क. ३. येताना तो फवारा दोघींसाठी आण, आपल्या दुकानात मिळतो तो नुसता खारट पाण्याचा. उजव्या बाजूची खिडकी माग. शेवटचा उतार सुरू झाला की खाली आधी चर्च दिसतं, मग घर. एनार अंगणात उभा राहून हात हलवेल, त्याला मी सांगून ठेवलंय. कान दुखतील. दुखू देत. ये.